डावं हेड वेगळं निघालं त्याची गोष्ट

...आणि वर आमची ही मलाच विचारते, "इंजिन उघडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" कुणी म्हणजे? होणाऱ्या व्याह्यांनी! तुम्हाला सांगतो, मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणायची सोय असते का? त्यातून आपण एकतीस वर्षं क्वालिटीत काढलेली, चिंचवडला, टेंपोची इंजिनं तपासण्यात. उघडं इंजिन दिसलं की हात शिवशिवतात हो!

तर हे अर्जुनराव, रावेतचे जुने गाववाले. शेतात बिल्डरचे टॉवर उभे राहिले, पैसा आला आणि यांनी घेतलं काय? सोनं? फ्लॅट? छे! सत्तर सालची अमेरिकन गाडी! नाक एवढं लांब की ड्रायव्हर रावेतला आणि बॉनेट ताथवड्याला. आठ सिलिंडर! कशाला? तर दूध आणायला! आणि ती सुरूच होत नाही. हट्ट काय, तर आयुषची, म्हणजे आमच्या श्रद्धाच्या होणाऱ्या नवऱ्याची वरात याच गाडीतून. "साहेबराव, तुमी कंपनीतलं माणूस. गाडी चालू झाली तर वरात, आन् वरात तर लगीन!" घ्या! म्हणजे माझ्या मुलीचं लग्न अडलं कशावर, तर या धुडावर!

मग काय, त्यांच्याच पार्किंगमध्ये खोललं इंजिन. आयुषनं नेटवरून पार्टांची यादी छापून आणलेली, प्रत्येकाचा नंबर. या इंजिनाला डोक्यावर दोन हेड, म्हणजे सिलिंडरांची झाकणं, एक उजवं, एक डावं. उजव्याचा नंबर यादीप्रमाणे. डाव्याचा... चष्मा पुसला, नंबर पुसला, परत चष्मा पुसला. वेगळाच! आता शहाणा माणूस गप्प बसला असता की नाही? पण आपण एकतीस वर्षं क्वालिटीत ना! हातात लाल खडू, मारली डाव्या हेडवर फुली आणि ओरडलो, "रिजेक्ट!"

झालं! अर्जुनराव मट्कन स्टुलावर. "म्हंजी डुप्लिकेट हाय व्हय? फसावलं मला! ओरिजिनल म्हून घेतली... आता कसली वरात? लगीन फुडल्या साली बघू." डोळ्यांत पाणी हो माणसाच्या! दारात श्रद्धा उभी, माझ्याकडे अशी बघतेय की मीच अमेरिकेत जाऊन हेड बदलून आलोय.

परत वाकलो इंजिनवर. आणि बघतो तर काय, काढलेल्या बोल्टांच्या डोक्यावर कंपनीचा जुना रंग, आणि त्यावर ओरखडे फक्त माझ्या पान्याचे! म्हणजे याआधी कुणी पाना लावलेलाच नाही. हेड कंपनीतूनच तसं आलेलं. बरं, ब्लॉकवर जुळणीची तारीख कुठली ठोकलेली? ऑक्टोबरची एकतीस!

अहो, मी हसत सुटलो! महिनाअखेर! तिथेही साहेबाचं टार्गेट, तिथेही डावी हेडं संपलेली, दुसऱ्या मॉडेलचं पडलंय ते बसतंय ना, बसव! इन्स्पेक्टर म्हणाला असेल, "साहेब, नंबर वेगळाय." साहेब म्हणाला असेल, "बसतंय ना? सही कर." आणि केली बिचाऱ्यानं सही. मी त्या माणसाला ओळखतो हो! बघितला नसेल कधी, पण ओळखतो.

सांगितलं हे अर्जुनरावांना. काय चेहरा फुलला! "म्हंजी कंपनीनंच बसावलं? ओरिजिनल?"

"शंभर टक्के! गोंधळसुद्धा ओरिजिनल!"

मिठी मारली मला त्यांनी, ग्रीसच्या हातांसकट. श्रद्धा हसली. चहा आला. इथे थांबायचं होतं ना मी? पण अर्जुनरावांनी विचारलं, "पर तुमी कसं वळाखलं वो?" आणि मी, छाती काढून, "आपण एकतीस वर्षं क्वालिटीत! दर महिन्याच्या तीस-एकतीसला असलं किती पास केलंय, मोजदाद नाही!"

अर्जुनरावांनी कप खाली ठेवला.

"माजा टेंपो तुमच्याच कंपनीचा व्हता," म्हणाले. "भाजीचा. पैल्याच वर्सी तीनदा इंजिन खोललं. घाटात गाडी बंद, टमाटं सडलं, म्हातारा बा मलाच शिव्या घालायचा, तुला गाडी चालवता येत न्हाई म्हून." मग हळूच, "इंजिन पास केल्याचा कागुद अजून हाय घरी. एकतीस मार्च."

कान लाल झाले माझे. खरंच लाज वाटली राव. चहा निवला तसाच.

असो. इंजिन साफ करून परत जोडलं, गाडी सुरू झाली, आवाजानं अख्खी सोसायटी गॅलरीत आली. लग्नही मोडलं नाही, माणूस मोठ्या मनाचा. परवा बैठक झाली. गुरुजींनी पंचांग बघून मस्त मुहूर्त काढला, तीस तारखेचा. सगळे खूश. अर्जुनरावांनी शांतपणे हात वर केला.

"गुरुजी, बारा-तेराचा बघा. महिनाअखेरीला यांच्याकडनं काय बी घ्यायचं न्हाई."