माझ्या पत्रानं बंद पडलेलं गाणं

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच साहेबराव मारणे, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आपण सारे हातातली कामं टाकून जमलो त्या सत्कारमूर्ती जाईबाई गायकवाड, आणि ताम्हिणीपासून पौडपर्यंतच्या माझ्या आयाबहिणींनो, बांधवांनो,

जाईबाईंच्या गळ्याचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून चांगलं केलं. शाळेचा माजी मुख्याध्यापक म्हणून मीही दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. पण मला कौतुक करायचं नाही, कबुली द्यायची आहे. अध्यक्षमहाराज, वेळ थोडा जास्त गेला तर सांभाळून घ्यावं.

अठ्ठ्याहत्तर साली रेडिओची माणसं रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन ताम्हिणीला आली. भाताची रोपं लावताना बायका म्हणतात ती गाणी जाईबाईंनी गायली. एक त्यांनी स्वतः रचलेलं होतं. ‘घोंगडी माझी, ऊब बी माझी, पिऊन आलास तर ओसरी तुझी.’ बुधवारी संध्याकाळी ते लागलं. चावडीत रेडिओभोवती बसलेले आम्ही पुरुष खाली बघायला लागलो. मागं बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी चारजण माझ्याकडे आले. “गुरुजी, तुमी लिवा. घरातल्या गोष्टी जगाला ऐकवत्यात!”

मी रेडिओ केंद्राला तक्रार लिहिली. गीत अश्लील आहे, मुलींवर वाईट संस्कार होतात, वगैरे वगैरे. खाली बावन्न सह्या घेतल्या. त्यात एकही बाईची नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

केंद्रावरचे एक साहेब जीपनं आले. मी बरोबर होतो. जाईबाई खाचरात होत्या. साहेब म्हणाले, “बाई, तेवढी ‘ऊब’ काढा. ‘चूल बी माझी’ म्हणा, म्हणजे लावता येईल.”

बाई चिखलात उभ्या राहूनच म्हणाल्या, “सायेब, पिऊन आला की पयली चूलच फोडतोय त्यो. ती माझी कुटं हाय?”

गाणं बंद झालं. रेडिओनं जाईबाईंना पुन्हा बोलावलं नाही. लग्नकार्यात त्यांना गायला सांगणंही थांबलं. आणि मला, खोटं कशाला बोलू, समाधान वाटलं.

दोन वर्षांनी माझी लेक चंद्रकला नांद्याच्या सासरहून एक पिशवी घेऊन घरी आली. ती समोर बसली आहे, तिला विचारूनच सांगतोय. जावई पीत होता, मारत होता. आम्हाला पत्ता नव्हता. ती म्हणाली, “आबा, त्या दिवशी ते पिऊन आले तेव्हा मी दार अडवून उभी राहिले. काय बोलावं सुचेना. मग रेडिओवर ऐकलेलं ते गाणंच तोंडातून निघालं.”

मित्रहो, मी तिला चार वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यातलं एक वाक्य तरी त्या दारात तिच्या कामाला आलं का?

मी केंद्रावर गेलो. तक्रार परत घेतो म्हणालो. उत्तर मिळालं, “तशी पद्धत नाही. आणि ती टेप पुसून तिच्यावर दुसरं घेतलंय.” तिथून थेट जाईबाईंच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “लेकीला ठिवून घेतलीसा न्हवं घरी?”

“घेतली.”

“मंग झालं. आता माझी गानी लिवून घ्या, गुरुजी. मला लिवाय येत न्हाई, आन् टेपचा काय भरवसा न्हाई.”

गेली चार वर्षं मी लिहीत होतो. एकाहत्तर गाणी झाली. त्यांचं पुस्तक आता अध्यक्षांच्या हस्ते प्रकाशित होईल. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही.

पुस्तकाला मदत करणाऱ्या सर्वांचा मी ऋणी आहे. कुठं काना-मात्रा चुकली असेल, आज बोलताना कुणाला लागलं असेल, तर पोटात घालावं. जाईबाई, तुमची माफी मात्र मी या भरल्या सभेत, हात जोडून मागतो. आता माईक तुमच्याकडे देतो. तुम्हाला हवं ते गा. मी खाली बसून ऐकतो.