अपडेटनंतरचा उखाणा

चहा ओता, तोवर शेळगावच्या तात्यांच्या घराचं सांगतो.

बारामतीच्या माझ्या दुकानातून तात्यांनी बोलण्यावर चालणारे दिवे नेले आणि हौसेनं भिंतीवरची बटणंच काढून टाकली. यंदाच्या संक्रांतीला, ऐन हळदीकुंकवाच्या वेळी काकूंचा फोन.

"अवो शेठ, अंधार पडलाय, बाया दारात हायती, आन् दिवे माझं ऐकंनात!"

मी दुकानातूनच मोबाईलवर तपासलं. "काकू, अपडेट आलंय. त्यात तुम्ही हाकेसाठी घराला दिलेलं नाव पुसलं गेलं आणि मालकाचं बसलं. ते बदलायला मी उद्या येतो, तोवर 'हणमंतरावांचं घर, दिवे लाव' असं म्हणा."

काकूंचा आवाज एकदम खाली आला.



"अवो, त्यांचं नाव कसं घिऊ?"

"मग तात्यांना म्हणू द्या."

"ते पळसदेवला गेल्यात, फोन घरीच टाकून."

"एखाद्या शेजारणीला सांगा."

"व्हय तर! शेजारणीनं माझ्या नवऱ्याचं नाव घिऊन माझ्या घरात दिवा लावायचा?"

शेवटी मी म्हटलं, "मग उखाण्यात घ्या!"

बायांनी एकच गलका केला. काकूंनी घसा खाकरला:

"हळदीकुंकवाला लोटलं सारं शेळगाव, हणमंतरावांचं घर, आता दिवे लाव!"

घर लख्ख उजळलं. टाळ्या मला बारामतीत ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला गेलो, तर तात्यांनी मला फाटकातच अडवलं.

"शेठ, आल्या पावली मागं फिरा," ते हळूच म्हणाले. "लग्नात घेतलं हुतं तिनं माझं नाव, त्यानंतर काल दिवे मालवताना ऐकलं. दुरुस्त केलं तर बघा!"