ओशालाची लेक

—तिखट घालतेच मी. आधी सगळे नको म्हणतात आणि मग बशी पुढे करतात. बसा त्या स्टुलावर. हं, काय म्हणत होतात डॉक्टरीणबाई? तुमच्या त्या मासिकात माणसांचे स्वभाव सोळा खणांत बसवलेत? सोळाच? अहो, मग त्यात नवीन ते काय! आमच्या देवस्थानातली माई सोळा कवड्या टाकते आणि कुणाच्या डोक्यावर कुठला देव बसलाय ते सांगते. जसा देव तसा स्वभाव. मी यान्सांची, वादळवाऱ्याची — म्हणून तर हा तोंडाचा पट्टा. तुम्ही बुद्ध वाचलात, सूफी वाचलेत, ते ग्रीक म्हातारे वाचलेत, समोरच्या दवाखान्यात लोकांची मनं दुरुस्त करता — आणि शेवटी माझ्या कढईपाशी येऊन विचारताय, 'दोना वाल्देलिसी, माझा देव कुठला?' चेहरा बघून नाही सांगत हो मी. आकाराजे खा, चवळीचा वडा गरम आहे तोवर.

माझी लेक एदिलेउझा, ती ओशालाची. पांढरा देव तो, सगळ्यात म्हातारा, शांत. त्याची लेकरं हळू चालणार, हळू बोलणार, कशाचा हव्यास नाही. म्हणून मी तिच्या मागे लागत नाही. पडून असते, असू दे. शिवणकाम सोडलं, सोडू दे. जेवत नाही — तर असं लाल ताडतेलात तळलेलं ओशालाच्या लेकरांना चालतच नाही, माझ्या हातचं ती काय खाणार? पांढरा भात खाते. म्हणजे, चिवडते. परवा माई म्हणाली, "वाल्देलिसी, देवाचं देवाला, पण पोरीला दवाखान्यात ने." असा राग आला मला! म्हटलं, तूच ना कवड्या टाकून सांगितलंस शांत स्वभावाची आहे म्हणून? आता तीच शांत पोर आजारी कशी झाली? आणि दवाखान्यात नेली की गल्लीला विषय. वाल्देलिसीची पोर खुळावली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? — राग मानू नका, तुम्हाला नाही बोलत मी.

आणि आता बरी आहे की ती! खरंच. मंगळवारी आपणहून उठली, न्हाली, केस विंचरले. हसली माझ्याकडे बघून. किती महिन्यांनी हसली — मी न्हाणीघरात जाऊन रडले, तुम्हाला म्हणून सांगते. मग सगळं घर आवरलं तिनं. शिवणयंत्र शेजारच्या जिल्देतीला देऊन टाकलं, फुकट. कानातली माझ्या भाचीला. मांजरसुद्धा दिलं, जे तिच्या उशाशी झोपायचं ते. मी म्हटलं, बघा, ही खरी ओशालाची लेक, कशात जीव अडकत नाही! आणि आज शुक्रवार, त्याचा वार, अख्खं साल्वादोर शहर पांढऱ्या कपड्यांत — तिनंही ठेवणीतला पांढरा झगा घातला. मी कामाला निघताना मला मिठी मारून म्हणाली, "आई, आज सावकाश ये हं, घाई करू नकोस." इतकी काळजी कधी केली नव्हती हो तिनं माझी. जीव कसा—

काय झालं? तिखट लागलं? पाणी देऊ? अहो, बशी पडली — राहू दे, मी उचलते. असं का बघताय? घर? हे इथंच, चढावर, पाववाल्याच्या मागे, निळं दार. का? एकटीच आहे, हो. नाही, फोन नाही घेतला तिनं दुपारी, झोपली असेल. तुम्ही असं बोलू नका. शांत आहे ती, स्वभावच आहे तिचा, ओशालाची—

हात सोडा माझा. नाही, सोडू नका. कढई राहू दे. चला. थांबा, किल्ली... माझी किल्ली सकाळी तिनंच मागून घेतली.

पळा बाई. माझे पाय नाही उचलत, तुम्ही पुढे पळा. दार फोडा.