ट्रे कोणाच्या हातात

दोन दिवस झाले, एकाची कॉफी दुसऱ्याच टेबलावर ठेवतोय. कारण ऐका.

मी काम करतो त्या कॉफी शॉपमध्ये हल्ली मुलगी बघायचे कार्यक्रमही होतात. परवा मुलाचे मामा मुलीला विचारत होते, "स्वयंपाक येतो का?" तेवढ्यात मी कॉफीचा ट्रे घेऊन पोचलो.

मुलगी शांतपणे म्हणाली, "मामा, ट्रे घेऊन येणाऱ्यालाच विचारायची पद्धत आहे की. ह्यांना विचारा."

मामा चिडून माझ्याकडं वळले. "सांग रे, येतो का स्वयंपाक?"

मी ट्रे टेबलावर ठेवला. "येतो. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी."

"शिक्षण?"

"नववी."

मामा खो खो हसले. मुलगी हसली नाही. ठरत आलेलं लग्न तिथंच मोडलं. आता आपली नोकरी गेली, असंच मला वाटलं.

काल मुलीचे वडील एकटेच आले. मी माफी मागायला लागलो.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "गाव कुठलं तुमचं?"

"होटगी."

"घरी कोण असतं?"

"आई."

"रविवारी त्यांना घेऊन घरी या. ह्या वेळी ट्रे मी आणणार, असं पोरगी म्हणतीय."