नऊ वेळा उघडलेली काच

माननीय अध्यक्षा कालिंदीबाई, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या सत्कारमूर्ती मीनाक्षीताई आणि ठाकूरद्वारच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी ललिता, ताईंची शेजारीण. हळदीकुंकवाला नाव घेण्यापलीकडे चारचौघांत कधी बोलले नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

ताई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात. परवा त्या राजस्थानात सूर्यचुलीच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायला निघतील. येत्या एक मेचा आपल्या राज्याचा सोहळा त्या तिथं रेडिओवर ऐकतील. पाच वर्षं त्यांनी आमच्या गच्चीवर लाकडी पेटी ठेवली. वर काच, आत काळा डबा, आणि नुसत्या उन्हावर भात. पापडांची जागा अडली म्हणून मीच भांडले होते. मग संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात कोळशाची वखार बंद राहिली, तेव्हा त्याच पेटीतली खिचडी पोरांनी चाटूनपुसून खाल्ली. पुढे मी कशाला भांडते?

आता सांगते ते मानपत्रात नाही. तीन वर्षांपूर्वी दिल्लीहून दोन साहेब पेटी पाहायला आले. पसंत पडती, तर ताईंना ही नोकरी तेव्हाच मिळती. त्यांना आणायला ताई बोरीबंदरला गेल्या आणि कावळ्यांपासून पेटी राखायला मला बसवून गेल्या. कडक ऊन, तीन तास झालेले, तरी तांदूळ कच्चे. साहेब चहा पिऊन गेले. ताईंनी वर्षभर काच बदलली, ऊब धरायला पेटीत भरलेला भुसा बदलला. आपल्या प्रयोगाच्या वहीत त्या दिवसापुढे लिहिलं, 'कारण कळले नाही.'

आता तुम्हीच सांगा, आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय बाईमाणसाला राहवतं का? शितावरून भाताची परीक्षा करायची आपली सवय. त्या दिवशी मी दर वीस मिनिटांनी काच उचलत होते, शीत चिमटीत दाबून बघत होते.

पुढच्या वर्षी ताई शाळेत असताना मी गुपचूप दोन दिवस भात लावला. एक दिवस पेटीला हात लावला नाही, एक दिवस सारखी उघडली. पहिला शिजला, दुसरा नाही. काच उघडली की आतली ऊब उडून जाते, हे तेव्हा कळलं, आणि मला धरणी ठाव देईना. ताई बोलणं टाकतील या भीतीनं दोन वर्षं गप्प बसले.

ताई, ती ओळ खोडा. लिहा, 'काच नऊ वेळा उघडली, ललितानं.' तुमची पेटी तेव्हाही पास होती.

तुम्ही मंडळींनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते तुम्ही सगळ्यांनी पोटात घाला. त्या नऊ वेळांची माफी मात्र मी एकट्या ताईंकडे मागते.