यांचा ढेकर

— नाही हो ताई, दोन्ही एकदमच करून घ्या, कधीची तेच सांगतेय. पित्ताशयाचं आज आणि जळजळीचं पुढच्या वर्षी, म्हणजे दोनदा भूल घ्यायची — कशाला? तीच चार-पाच भोकं, तीच दुर्बीण. खड्यांसकट पित्ताची पिशवी बाहेर, आणि जठराचं वरचं टोक अन्ननलिकेभोवती मफलरसारखं गुंडाळून टाके. झालं. आमचे हे तिसऱ्या दिवशी घरी. तुमच्या मिस्टरांचंही सोमवारी छान होईल. चहा घ्या ना, गार होतोय.

जरा हळू बोलते, आई आत आहेत. सासूबाई. डोळे गेलेत, पण कान फार तिखट. त्यांच्यामुळेच तर — नाही, काही नाही. म्हणजे, आहे. तुम्ही वरच्या मजल्यावरच राहणार, आज ना उद्या कळेलच. यांना पूर्वी काय ढेकर यायचे म्हणून सांगू — जिन्यात एक, दारात एक, चपला काढताना तिसरा. खोकला, घोगरा आवाज, सगळं त्या पित्तापायी. मी वैतागायचे, चारचौघांत मान खाली घालायला लावायचे हे. पण ढेकर ऐकला की आई आतून म्हणायच्या, आला गं माझा लेक. डॉक्टर आधीच म्हणाले होते, आता मोठा ढेकर यायचा नाही, वरची वाट आवळून टाकणार. आम्ही हसलो. म्हटलं, सुटलो.

आणि हे घरी आले ते अगदी गुपचूप. खोकला नाही, खाकरणं नाही. आवाज कसा, तर स्वच्छ, एखाद्या तरण्या पोराचा असावा तसा. पुढे पंधरा दिवस पातळच खायचं, त्यात गाल बसले. आईंनी तोंडावरून हात फिरवला आणि काढून घेतला. तेव्हापासून त्यांचं एकच — माझा मुलगा ऑपरेशनच्या टेबलावरच गेला, तुम्ही लपवताय. पोटच्या पोराला अहोजाहो करतात हो. बसा, सून चहा करेल, म्हणतात. हे बिचारे लहानपणीचं सांगतात, कुठे पडलो, कशावरून मार खाल्ला — तर म्हणतात, त्यानं सांगितलं असेल तुम्हाला. परवा बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसले होते हे. डोळे लाल होते, म्हणून कळलं.

मी? मी कशाला मानू? मला काय दिसत नाही? आता, झोपेत नाकाशी बोट धरते, ते वेगळं. पूर्वी पलंगाच्या उशाकडे विटा लावलेल्या, वर तीन उशा, अर्धे बसूनच झोपायचे. आता विटा काढल्या. उताणे, सपाट झोपतात, हूं नाही की चूं नाही. बघवत नाही मला. एकदा घाबरून हलवलं, तर डोळे उघडून म्हणाले, काय गं? त्या नव्या आवाजात. खरं सांगते, मी पलंगावरून खाली उतरले. आई चुकतायत हे मी त्यांना रोज पटवते, रोज, आणि पटवता पटवता माझंच — जाऊ दे. वेडेपणा सगळा. तुम्ही मनावर घेऊ नका. सोमवारी बिनधास्त जा, दोन्ही एकदम —

अगं बाई. अहो, तुम्ही केव्हा आलात? कधीचे उभे आहात दारात? बोला ना काहीतरी.

निघा ताई तुम्ही. खरंच निघा. फक्त जाताना एक सांगा, हळूच सांगा — त्या दारात तुम्हालाही दिसतायत ना हे?