ओल्या केसांचं वजन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टरबाई, तलाव समितीचे चिटणीस साहेब, आपले प्रशिक्षक सर, जिच्या पदकासाठी आपण सगळे जमलोय ती आपली तुडतुडी, तिचे आईवडील, समोर बसलेले पालक, मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या माझ्या पोरी, आणि दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी असलेली माझ्या जागेवर आलेली नवी बाई.

हे सगळं मी न अडखळता म्हटलं म्हणून नवल वाटून घेऊ नका. सव्वीस वर्षं त्याच दाराशी तोच ट्रे घेऊन मी भाषणं ऐकलीत. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुठे खोकायचं, कुठे टाळ्यांसाठी थांबायचं, सगळं पाठ आहे. बोलायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीतली मावशी, तिला कोण माईक देणार? आज दिलात, कारण पदकाचा सत्कार आणि माझा निरोप तुम्ही एकाच दिवशी उरकताय. एकच सभागृह, एकच गुच्छवाला. चिटणीस साहेब, काटकसर तुमच्याकडून शिकावी.

मला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आभारी आहे. शिवाय चिटणीस साहेबांनी एक चिठ्ठी दिलीय. ‘मावशी, दोन मिनिटं पोहण्याच्या फायद्यांवर बोला, मुलांना उत्तेजन मिळेल.’ वर मुद्देही लिहून दिलेत. सर्वांगाला व्यायाम होतो. श्वास सुधारतो. शिस्त लागते. आत्मविश्वास वाढतो.

खरं सांगू? पोहण्याचे फायदे मी कधी वरून पाहिलेच नाहीत. मी पाहिली ती खालची जाळी. न्हाणीच्या नळाखालची. केसांचे बोळे, भिजून पांढऱ्या पडलेल्या जखमेच्या पट्ट्या, चघळून फेकलेला गम, कुणाचं तरी नख. शी! नाक मुरडताय ना? मुरडा. मी रोज दोन बोटांनी उचललंय ते. पहिल्या आठवड्यात घरी जाऊन जेवण जायचं नाही मला. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि आज मला सगळ्यात जास्त शिसारी येते ती त्या सवयीचीच.

पण फायदे विचारलेत तर सांगते. चिठ्ठीत नाही तो आधी सांगते. भूक! अहो, पोहून बाहेर आलेल्या पोराची भूक तुम्ही कधी नीट पाहिलीय? केस टपटपतायत, ओठ निळे, बोटांची टोकं सुरकुतलेली, आणि डब्याचं झाकण उघडायलासुद्धा धीर नाही. ही तुडतुडी सहा वर्षांची असताना आली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला हे नाव मीच ठेवलं. पहिले चार दिवस कठडा सोडेना. हिची आई वर बाकावर बसून पदर चावायची. पाचव्या दिवशी कठडा सुटला आणि ही पाठीवर तरंगली. ओरडली काय, ‘मावशी, पाणी मला उचलतंय!’ मी खोलीतून फडकं घेऊन तशीच धावत आले, मला वाटलं बुडाली. बघते तर हसतेय. त्या दिवशी तिनं तिचा डबा संपवला, दोन केळी खाल्ली, आणि वर माझ्या डब्यातली भाकरी मागून घेतली. रात्री गाढ झोपली, असं तिची आई दुसऱ्या दिवशी सांगत होती. आधी म्हणे झोपेत दचकून उठायची. दम लागायचा तो वर्षभरात गेला. शाळेत चारचौघांत बोलायला लागली. आता मला सांगा, याहून मोठं पदक कुठल्या कारखान्यात घडवतात?

तर मंडळी, दहा महिन्यांपूर्वी आपले सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक तक्ता घेऊन आले. वजन कमी, वेग जास्त. मग वजनकाटा आला. मुलींच्या खोलीत, आरशाशेजारी. आणि भिंतीवर फळा आला. दर शनिवारी बारा मुलींची वजनं त्या फळ्यावर लिहायची, सगळ्यांनी वाचायची. चौदा वर्षांच्या पोरी हो! ज्या वयात अंगावर पुटकुळी आली तरी आरशासमोर रडायला येतं, त्या वयात. ज्या समितीच्या बैठकीत हा फळा मंजूर झाला, तिथे मीच चहा देत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही वाटलं नाही की, अरे, आपण कांदे मोजतोय की लेकरं?

सर, बसा. निरोप माझा आहे, मला तो पुरता घेऊ द्या.

सुरुवातीला वजन सरावाच्या आधी व्हायचं. पोरी कोरड्या. दोनतीन महिन्यांनी सरांना वाटलं, यात सरावाची दहा मिनिटं वाया जातात. म्हणून वजन सरावानंतर घ्यायचं ठरलं. पोरी पाण्यातून निघायच्या त्या थेट काट्यावर. पहिल्याच शनिवारी बाराच्या बारा पोरींचं वजन वाढलेलं! सर दाराबाहेरून कडाडले, ‘मी पाठ वळवली की काय चरताय?’ चरताय म्हणाले. गुरांना म्हणतात तसं. सगळ्यात जास्त वाढलं होतं तुडतुडीचं. पाऊण किलो. तिचे केस तेव्हा कमरेपर्यंत होते, आणि खांद्यावर टॉवेल होता.

हसलात ना मागच्या रांगेत? तुम्हाला कळलं. शाळेत न गेलेल्यालाही कळेल. पण तिथे कुणाला कळलं नाही. सरांना नाही, समितीला नाही, तुडतुडीला नाही. ती पोर कोरड्या दिवसाचा आकडा ओल्या अंगानं गाठायला निघाली.

मला कळायला तीन आठवडे लागले, आणि तेही अक्कल होती म्हणून नाही. फरशी पुसताना ओल्या टॉवेलांचं गाठोडं जमिनीवर नको म्हणून काट्यावर ठेवलं. काटा असा गर्रकन फिरला की मी फडकं टाकून आकडा पुन्हा वाचला. मग एकच टॉवेल ठेवून पाहिला. मग एक पिळलेला. मग तशीच ओल्या हातांनी सरांकडे गेले. सर म्हणाले, ‘मावशी, तुम्ही फरशी पुसा. शास्त्र आम्ही बघतो.’ चिटणीस साहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, ‘निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, आता कशाला नसतं लचांड मागे लावून घेता?’ आणि मी गप्प बसले. साहेब, माईकच्या बटणाकडे हात नेऊ नका. मी सव्वीस वर्षं माईकशिवायच ओरडत आलेय.

त्याच सुमारास न्हाणीची जाळी तुंबायला लागली. रोज सकाळी. हात घातला तर भिजलेल्या पावाचा गोळा, उकडलेल्या अंड्याचे तुकडे. दोन दिवस मी शिव्या घातल्या, कोण ही घाणेरडी कार्टी म्हणून. तिसऱ्या दिवशी एक तुकडा अख्खा निघाला. कडा कापलेला, तिकोनी. असा पाव डब्यात देणारी या तलावावर एकच आई आहे, तुडतुडीची. पहाटे उठून, मुलीला कडा आवडत नाहीत म्हणून एकेक कापणारी. सव्वीस वर्षं मी त्या जाळीतून काय काय काढलं, पण भडभडून ओकले ती त्या दिवशी. पावाची कसली आलीय किळस? किळस आली ती आपली. आपल्या सगळ्यांची.

आणि आता माझं सांगते. दुसऱ्यांचं सांगून झालं की आपलं गिळून टाकायचं, ही सभागृहातली रीत मला माहीत आहे, पण मला ती जमणार नाही.

सर पुरुषमाणूस. मुलींच्या खोलीत यायची त्यांना सोय नाही. मग वजन घेत कोण होतं? मी. काट्यावरचा आकडा वाचून दाराआडून मोठ्यानं ओरडत कोण होतं? मी. फळ्यावर खडूनं लिहीत कोण होतं? माझं अक्षर चांगलं, म्हणून मीच. ‘वाढलं, सर!’ हे शब्द माझे.

काटा पाण्याचंही वजन दाखवतोय हे कळल्यावर मी काय केलं? शहाणपणा केला! म्हटलं, कुणी ऐकत नाही ना, मग आपणच पोरीला वाचवू. तिचा आकडा मी कमी करून ओरडायला लागले. आज पाव किलो कमी, पुढच्या शनिवारी आणखी थोडा कमी. वाटलं, सर तिला बोलणार नाहीत, पोर सुखानं घास खाईल. झालं काय? सरांनी टाळ्या वाजवल्या. ‘बघा! हिच्याकडून शिका! पद्धत लागू पडतेय!’ बाकीच्या अकरा जणींना तिचा दाखला दिला. आणि तुडतुडीला वाटलं, न जेवल्यानंच जमतंय. मी एक आकडा कमी सांगितला की ती एक घास कमी खायची. मी खोटं बोलत गेले आणि ते खोटं ती स्वतःच्या अंगावर खरं करत गेली. यापेक्षा मी थेट तिचा डबा हिसकावला असता तर बरं झालं असतं, निदान तिनं मला चावा तरी घेतला असता.

पदक आलं. हो, आलं. आठशे मीटर, पहिला क्रमांक. सर म्हणतात पद्धतीमुळे आलं. मी म्हणते आठ वर्षं पहाटे उठून पाण्यात उतरलेल्या पोरीमुळे आलं, आणि पद्धत असूनही आलं.

गेल्या मंगळवारी ती सरावात मध्येच दोरीला धरून थांबली. ही पोर कधी थांबत नाही. मी आणि एका पोरीनं तिला वर ओढलं. बाकावर निजवलं, पाय चोळले. कमरेपर्यंतचे केस तिनं केव्हाच मानेपाशी कापून टाकलेत, तुम्ही सगळे ‘छान दिसतात’ म्हणालात. डोळे उघडल्यावर म्हणाली, ‘मावशी, पाणी जड झालंय. मला आता पोहायचं नाही.’ अध्यक्ष महोदय, सर्वांगाला व्यायाम, श्वास, शिस्त, आत्मविश्वास, सगळे फायदे घ्या आणि या एका वाक्यासमोर ठेवा. आपण एका पोरीकडून पाणी हिसकावून घेतलंय.

एवढं सगळं चारचौघांत सांगते म्हणून कुणी मला नावं ठेवण्याआधी सांगते, मी तिला विचारलंय. मघाशी, कार्यक्रमाआधी विचारलं, ‘सांगू का गं?’ तिनं नखं कुरतडली. मग म्हणाली, ‘सांगा. मी सांगायला गेले की रडू येतं.’ मग तिच्या आईला आत बोलावलं. पोरीला नाही काट्यावर उभं केलं, पुन्हा कधी करणार नाही. आईलाच उभं केलं. आधी कोरडी, मग डोक्यावरून दोन बादल्या ओतून आणि ओला टॉवेल खांद्यावर टाकून. दोन्ही आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहिलेत. ताईंची साडी अजून ओली आहे, बघा, म्हणून त्या कडेला बसल्यात. ज्यांना शास्त्र बघायचंय त्यांनी खाली जाऊन बघून यावं.

पुढच्या आठवड्यात नऊ वर्षांच्या पोरींच्या तुकडीसाठीही फळा लागणार आहे. पालकहो, तुमच्याच पोरी त्या. उठून विचारा. इथेच विचारा, घरी जाऊन एकमेकांना विचारू नका. आणि ताई, सरांनी दिलेला निवासी शिबिराचा अर्ज तुमच्या पिशवीत आहे, उद्या शेवटचा दिवस आहे, मला माहीत आहे. त्यावर सही करण्याआधी हिला या डॉक्टरबाईंना दाखवा. डॉक्टरबाई, तुम्ही आज हिच्या गळ्यात पदक घालायला आलात. जरा मनगटही हातात धरून बघा.

बराच वेळ घेतला. दोन मिनिटं दिली होती, मी घड्याळ मिळूनही पाहिलं नाही. समितीनं सव्वीस वर्षं काम दिलं, पोरींनी मावशी म्हटलं, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यानं व्यासपीठावर कुणाचं मन दुखावलं असेल, तर दुखू द्या. तिथे मी क्षमा मागणार नाही.

क्षमा मागायची ती एकीचीच. तुडतुडे, इकडे बघ. दाराआडून तुझा आकडा ओरडणारी मी होते. खरा ओरडले तेव्हाही चुकले, आणि खोटा ओरडले तेव्हा त्याहून जास्त चुकले. मला माफ करायचं की नाही ते आज सांगू नकोस. उपाशी पोटी माणूस कशालाही हो म्हणतो. आधी महिनाभर पोटभर जेव, मग ठरव.